लिफ्ट केलेल्या गाडीसाठी शॉकचे बोल्ट, बुश आणि ब्रॅकेट कसे निवडावेत

महागडे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घेताना लोक हात आखडत नाहीत, पण ते गाडीला ज्या बोल्टवर टांगायचे तो गॅरेजच्या डब्यातला, मिळेल तो. लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शनने उंच केलेल्या जिप्सीत किंवा थारमध्ये आधी वाकतो तो बोल्ट, नाहीतर फाटतो तो ब्रॅकेट. शॉक तसाच धडधाकट राहतो. म्हणून खरेदी इथून सुरू करा. (मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांविषयी आहे. लिफ्ट करण्याआधीच आरटीओत चौकशी केलेली बरी.)

आधी मापं. चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) भक्कम टेकवा, जुना शॉक काढा आणि अ‍ॅक्सल सावकाश खाली सोडा. ब्रेकचा पाइप ताणला जायच्या आत थांबा आणि वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावा. मग जॅकने अ‍ॅक्सल बंप स्टॉप (त्याला वर अडवणारं रबर) दाबला जाईपर्यंत उचला आणि पुन्हा मोजा. पूर्ण मिटलेला शॉक या दुसऱ्या मापापेक्षा किमान 20-25 मिमी आखूड हवा, नाहीतर खड्ड्यातला सगळा दणका थेट ब्रॅकेटवर जाईल. पूर्ण उघडलेला शॉक पहिल्या मापापेक्षा लांब असेल, तर ब्रेकचे लांब पाइपही यादीत घाला. दोन्ही चाकं एकदम उचलून भागत नाही. एक वर, एक खाली, असंही तपासा.

नव्या थारला पुढे स्प्रिंग आणि शॉक एकत्र बसतात. दाबलेली स्प्रिंग घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

ब्रॅकेट दोन कानांचा घ्या, म्हणजे बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. एकाच बाजूने बाहेर आलेली पिन लिफ्टनंतर जास्त सोसते. तिरकेपणही बघा. शॉक उभ्या रेषेपासून 30 अंश कलला की त्याचा परिणाम साधारण तीन चतुर्थांश उरतो, 45 अंशांवर निम्मा. जागा मिळाली म्हणून वेल्डरने कुठेही ब्रॅकेट चिकटवला, तर शॉकवर घातलेले पैसे तिथेच गेले.

आता बोल्ट. मुंबईत मसजिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे जादा ताकदीचा) बोल्ट मागा आणि डोक्यावरचा 10.9 हा ताकदीच्या दर्जाचा आकडा स्वतः वाचून घ्या. आकडाच नसेल तर बोल्ट परत द्या. समुद्राच्या हवेने सगळं गंजतं म्हणून मुंबईकर हमखास स्टेनलेसकडे वळतात, आणि माझ्या मते इथेच फसतात. नेहमीचा ए2-70 स्टेनलेस बोल्ट साधारण 700 मेगापास्कल ताणाला तुटतो, 10.9 चा 1000 च्या पुढे. गंजाचा बंदोबस्त रंग आणि ग्रीसने करा, ताकद कमी करून नाही. 12.9 दर्जाच्या बोल्टवर साधं इलेक्ट्रोप्लेटिंगही नको, त्याने पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो.

बोल्ट हाफ थ्रेडचा (टोकाकडेच आटे असलेला) घ्या, पण त्याचा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या दोन्ही कानांतून आरपार जाईल इतका लांब हवा. कानाच्या भोकात आटे आले तर ते भोक खात जातात आणि काही दिवसांत खडखड सुरू होते. 12 मिमीच्या बोल्टला 14 मिमीची स्लीव्ह (बोल्ट जाते ती नळी), आत पत्र्याची गुंडाळी, असले जुगाड मुळीच चालवून घेऊ नका.

शॉकच्या टोकाच्या कडीतला रबरी बुश आतल्या स्लीव्हला चिकटलेला असतो आणि पीळ घेऊन काम करतो. म्हणून शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी असतानाच मारा. लटकत्या गाडीत आवळलात तर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटेल. पीयू (पॉलियुरेथेन) बुश स्लीव्हभोवती फिरतो, त्याला ग्रीस लागतं. वर कडीऐवजी आटेवाली दांडी असलेला शॉक असेल तर रबर वायसरच्या कडेइतकं फुगेपर्यंतच आवळा.

नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) प्रत्येक वेळी नवा. टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या आणि नट-ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ मारा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर गाडीखाली वाका. रेघ तुटली असेल तर नट फिरला आहे. अशा वेळी नुसतं आवळून सोडू नका, बोल्ट काढून बघा.