घरी गाडी रंगवताय? स्प्रे गन घेताना या चुका टाळा

बहुतेक जण आधी गन घेतात आणि मग ती घरातल्या कॉम्प्रेसरला जोडून बघतात. सगळा घोळ इथेच होतो. गन निवडायची ती आपल्याकडे हवा किती आहे ते बघून.

दुकानदार टाकीचे लिटर आणि एचपी सांगतो. तुम्ही सीएफएम विचारा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते. त्यातही ‘एफएडी’चा आकडा मागा, कारण प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा तीच. बऱ्याच एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनना 8 ते 12 सीएफएम लागते आणि 25 लिटरचा छोटा कॉम्प्रेसर जेमतेम 3-4 देतो. मग बॉनेट अर्धं मारून होईतो दाब पडतो, फवाऱ्याचे थेंब जाड होतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. लोक लगेच थिनर वाढवतात, मग उभ्या दारावर ओघळ येतात. दोष थिनरचा नसतोच! कॉम्प्रेसर लहानच असेल तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या, एका वेळी एकच पॅनल मारा आणि मध्ये टाकी भरू द्या. दाबही ट्रिगर ओढून, हवा वाहत असतानाच सेट करा.

भिंतीचा एअरलेस स्प्रेयर (हवेऐवजी पंपाच्या दाबाने रंग फेकणारा) मात्र गाडीला लावू नका. मेटॅलिक रंगाला लागणारा बारीक, एकसारखा फवारा त्यातून मिळत नाही.

नोझल: रंग आणि क्लिअर कोटला (वरचा पारदर्शक थर) 1.3 किंवा 1.4 मिमी, प्रायमर-सरफेसरला (रंगाखालचा जाड थर) 1.7 किंवा 1.8 मिमी. प्रायमरला स्वस्तातली वेगळी गन ठेवलेली बरी, चांगली गन क्लिअरसाठी राखा.

रंगात बारीक खड्डे पडत असतील तर हवेतलं पाणी-तेल किंवा पत्र्यावर राहिलेलं पॉलिश तपासा. पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर गरम हवेतली वाफ तशीच पुढे जाते आणि पाइपात थंड होऊन तिचं पाणी होतं. म्हणून फिल्टर लांब, गनच्या बाजूला लावा. टाकीतलं पाणी रोज काढा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघूनच काम काढा.

आणि कळकळीने सांगतो, टू-के रंगाच्या (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा रंग) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा एन-95 मास्क त्याची वाफ अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि मोकळी जागा नसेल, तर घासकाम घरी करा आणि रंग मारायला गाडी पेंट बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या गॅरेजमध्ये न्या.