वारा-हवेचे खेळ घेताय? आधी या चुका टाळा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तो आपणहून त्यांच्या तोंडावर येतो. आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही. तेवढंच कुणाला जमत नाही. खेळ सुरू व्हायच्या आधीच मोठ्यांचं बोलणं सुरू होतं : "मुलांनो, हवा दिसत नाही, पण ती सगळीकडे असते." चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबात "दिसत नाही, पण असतं" या यादीत भूतही बसतं. त्याने मान डोलावली म्हणजे त्याला कळलं, असं धरून चालू नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे पाठांतर. हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन, हे पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याच हातात पुठ्ठा देऊन "माझ्या गालाला वारा घाल" म्हटलं, की ती पुठ्ठा गालाला टेकवून उभी राहतात. मी सुरुवातीला "हवा" हा शब्दच काढत नाही. डोळे मिटायचे, मी पुठ्ठा हलवणार, कुठल्या गालाला लागलं ते बोटाने दाखवायचं. मग मुलं एकमेकांना वारा घालतात, मानेवर, पोटावर, केसांत. शब्द नंतर त्यांच्याच तोंडून येतो.

आता भिरभिऱ्याकडे वळते, कारण सगळ्यात जास्त खेळ त्याचाच मोडतो. एका शाळेत वाऱ्याचा कार्यक्रम होता, पालक फोन सरसावून उभे होते. शिक्षिकांनी आदल्या रात्री जागून चकचकीत जाड कार्डशीटची भिरभिरी केली होती. सुंदर दिसत होती. पण प्रत्येकाच्या मधोमध टाचणी इतकी गच्च ठोकलेली, की वादळातही हलली नसती. मुलांना रांगेत उभं केलं. एकही भिरभिरं फिरेना. "आज वाराच नाहीये," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे कार्यक्रमाचा कापडी फलक फडफडत होता. मग एका मुलाने बोटाने पातं ढकललं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांना सूचना गेली : बोटाने फिरवा, फोटो काढायचाय!

म्हणजे भिरभिरं बोटाने फिरतं, हे त्या दिवशी मुलं शिकली.

फोटो चालू असताना मी एका मुलीच्या भिरभिऱ्याची टाचणी सैल करून दिली. ती दोन पावलं पळाली आणि ते गरगरलं. थांबली, तर तेही थांबलं. पुन्हा पळाली. "मी थांबले की हेपण थांबतं!" वारा नसला तरी आपण पळालो की हवा अंगावर येते, हे त्या पोरीने एकटीने शोधलं होतं. तेवढ्यात तिला रांगेत परत बोलावण्यात आलं.

तेव्हा कागद पातळच घ्या, वहीचा चालतो. 15 सेंटिमीटरचा चौकोन, दोन्ही कर्णांवर घडी, चारही कोपऱ्यांकडून मध्याच्या दिशेने कात्री, पण मध्यापाशी कर्णाच्या अर्ध्या लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग न कापता सोडायचा. एकाआड एक टोक मध्यावर आणा. भोक टाचणीपेक्षा चांगलं मोठं ठेवा, आणि कागद व काडी यांच्यामध्ये स्ट्रॉचा छोटा तुकडा घाला, म्हणजे पातं काडीला घासत नाही. मणीही चालतो, पण लहान मुलांच्या हाती मणी म्हणजे तोंडात मणी. टाचणीचं काम मोठ्यांनीच करायचं आणि मागचं टोक वळवून झाकायचं. फुंकून बघा. हलक्या फुंकरीने फिरलं नाही तर ते मुलाला देऊच नका. घाई असलेल्यांना हे सगळं जाचक वाटतं. त्यांनी सरळ कागदी झिरमिळ्या बांधाव्यात, त्या कधी दगा देत नाहीत.

दुसरी चीड "जादू"ची. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबायचा, बाहेर काढल्यावर कागद कोरडा. प्रयोग उत्तम आहे. पण दाखवणारा "बघा हं, जादू!" म्हणतो आणि तिथेच माती खातो. जादू म्हटलं की मूल करणाऱ्याच्या हाताकडे बघतं, पाण्याकडे नाही. पेला मुलाच्या हातात द्या, प्लास्टिकचा, पारदर्शक. त्याला तो तिरका करू द्या. तिरका झाला की भळकन बुडबुडा बाहेर येतो, पाणी आत शिरतं, कागद भिजतो. "ते बाहेर काय आलं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मोठ्यांना कागद भिजला की प्रयोग फसला असं वाटतं. मला विचाराल तर खरा प्रयोग तिथून सुरू होतो.

याच पठडीतला, पाण्याच्या ताटलीत उभ्या केलेल्या मेणबत्तीवर पेला झाकण्याचा प्रयोग मात्र या वयात नकोच. एक तर विस्तव. दुसरं म्हणजे "ऑक्सिजन संपला, म्हणून त्याची जागा घ्यायला पाणी वर चढलं" हे सर्रास सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन उरलेला असतो. ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी भराभर चढतं ते ज्योत विझतानाच. हे चार वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखं नाही, आणि चुकीचं कारण तर कुठल्याच वयाला सांगण्यासारखं नाही.

"झाडं हलतात म्हणून वारा येतो," असं एखादं मूल म्हणणारच. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या अशा उत्तरांची नोंद 1920च्या दशकातच करून ठेवली आहे. त्यावर "चूक!" म्हणून मोकळं होऊ नका. पुठ्ठा हलवला की वारा येतो हे त्याला आपणच दाखवलंय, मग फांदी हलली की का येणार नाही? तर्क पक्का आहे. मी अशा मुलाला झाडं नसलेल्या मोकळ्या जागी नेते आणि हातात फीत देते. किंवा उंच गवतासमोर बसवते : वाऱ्याची लाट लांबून सरकत जवळ येताना दिसते आणि मग तोंडाला लागते. मत बदललं तर बदललं, नाही तर पुढच्या वर्षी बदलेल.

फुगे. मुलांना फुगवायला देऊ नका, फुटला की तुकडे लगेच गोळा करा. न फुगवलेला फुगा किंवा त्याचा तुकडा घशात अडकून जीव जातो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठीचा इशारा पाकिटावर उगाच छापलेला नसतो. हवा "पकडायला" प्लास्टिकची पिशवीही नको, मुलं ती डोक्यात घालतात. उशीचा अभ्रा ओला करून पिळा, तोंड उघडं धरून पळा, मुरगळून बंद करा. ओल्या कापडातून हवा सहज निसटत नाही. तो फुगीर अभ्रा पाण्याच्या टबात दाबला की बुडबुड्यांसाठी झुंबड उडते. टबाजवळून मात्र हलायचं नाही.

स्ट्रॉने साबणपाण्यात फुंकायला सांगितलं की निम्मी मुलं ओढतात. स्ट्रॉला वरच्या बाजूला बारीक भोक पाडा. ओढलं तरी पाण्याऐवजी हवाच येते. स्ट्रॉ प्रत्येकाची वेगळी.

फुंकण्याच्या शर्यती लांबवू नका, मुलांना गरगरतं. चार फुंकरा झाल्या की पुठ्ठे द्या.

टेबलफॅनसमोर लांब रिबिनी नकोत, बोटं तर नकोतच.

पतंग या वयाला नाही. तो मोठे उडवतात आणि मूल कंटाळतं.

आणि बाहेर जाण्याआधी झाडाकडे बघा. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने 1805मध्ये वाऱ्याची 0 ते 12 अशी मोजपट्टी मांडली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. मुलांना आकडे नकोत, खुणा पुरतात. पानं सळसळतात आणि तोंडाला वारा लागतो ती पायरी 2. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात ती 3, ताशी 12 ते 19 किलोमीटर. भिरभिऱ्याला याहून चांगला दिवस नाही. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की 4. तेव्हा डोळ्यांत कचरा जातो आणि सगळा वर्ग रडतो. मोठ्या फांद्या हलताना दिसल्या तर खिडकीतूनच बघायचं.