वॉर्डात संसर्ग रोखताना: आधी प्रसाराचा मार्ग ओळखावा

रुग्ण दाखल होताच रोगाच्या नावाबरोबर त्याच्या प्रसाराचा मार्गही विचारावा, कारण पुढची काळजी त्यावरच ठरते. खरूज संपर्कजन्य आहे. तेथे हातमोजे आणि गाऊन वापरावा. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून जवळच्या माणसाला होतो, म्हणून सर्जिकल मास्क लावावा. क्षय आणि गोवर मात्र वायुजन्य आहेत. त्यांचे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगत राहत असल्याने रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवावे, बाहेरच्या खिडक्या उघड्या आणि वॉर्डाकडचे दार बंद असावे, आणि आत जाणाऱ्याने एन-९५ मास्कची पट्टी नाकावर दाबून, जोरात श्वास सोडून, कडेने हवा निसटत नाही ना हे तपासावे. दाढीवर हा मास्क नीट बसत नाही. ही अडचण बहुतेक जण डोळ्यांआड करतात.

लक्षणे नसलेला वाहकही जंतू पसरवू शकतो, म्हणून मानक खबरदारी, म्हणजे हातांची स्वच्छता, हातमोजे, सुया नीट टाकणे अशी मूलभूत काळजी, प्रत्येक रुग्णाबाबत पाळावी. हातमोजे काढल्यावर अल्कोहोलयुक्त हॅन्डरब २० ते ३० सेकंद चोळावा. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाण्यानेच ४० ते ६० सेकंद धुवावेत. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी.