कॉमिक्स संग्रहाची यादी करताना या चुका टाळा

पुण्यातल्या घरांमध्ये असलेला कॉमिक्सचा संग्रह सहसा ठरवून जमवलेला नसतो. इंद्रजालचे काही अंक मागच्या पिढीपासून माळ्यावर पडून असतात, अमर चित्र कथेची पुस्तके सुट्टीत अप्पा बळवंत चौकातून घेतलेली असतात, काही गठ्ठे बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आलेले असतात आणि अलीकडचे अमेरिकी अंक ऑनलाइन मागवलेले असतात. अशा मिश्र संग्रहाची यादी करायला बसल्यावर बहुतेक जण नायकाचे नाव आणि कथेचे नाव असे दोन रकाने आखतात आणि गठ्ठ्यावरून नजर फिरवत भराभर लिहीत जातात. यादी चार संध्याकाळींत पूर्ण होते. परंतु बाजारात एखादा अंक हाती आल्यावर तो आपल्याकडे आहे की नाही, हे त्या यादीवरून सांगता येत नाही, आणि यादीचा पहिला उपयोग तर तोच असतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: नोंद अंक उघडून केलेली नसते, मुखपृष्ठावरून किंवा आठवणीवरून केलेली असते.

नायकाच्या नावाने केलेली नोंद

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. त्या काळात वेताळ, जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून बहादूर अशा अनेक नायकांच्या कथा एकाच मालिकेत, एकाच क्रमाने प्रसिद्ध होत राहिल्या. म्हणून यादीचा पाया मालिका आणि क्रमांक हाच असला पाहिजे. नायक हा केवळ शोधायला सोयीचा असा जादा रकाना होय. काही कथा याच मालिकेत नव्या क्रमांकाने पुन्हा छापल्या गेल्या असल्यामुळे, कथेच्या नावावर विसंबणारा संग्राहक एक तर दोन वेगळ्या अंकांना दुबार प्रत समजून त्यांतला एक देऊन टाकतो, किंवा हवा असलेला अंक आपल्याकडे आहेच अशा समजुतीने सोडून देतो.

क्रमांकावर भर दिला तरी क्रमांकाची पद्धत समजून घ्यावी लागते. इंद्रजालचा सलग क्रमांक ४४३ पर्यंत चालला आणि त्यानंतर अंकांवर खंड २०, अंक अमुक अशी नोंद छापली जाऊ लागली. ज्यांच्या वहीत ‘क्रमांक’ असा एकच रकाना असतो त्यांची येथे गफलत होते, कारण खंड २५ चा अंक ७ आणि सुरुवातीच्या काळातला क्रमांक ७ हे दोन्ही यादीत ‘इंद्रजाल ७’ म्हणून उतरतात. याउलट, रिकामी दिसणारी प्रत्येक जागा म्हणजे आपल्याकडची उणीव असेही नाही. इंद्रजालचे क्रमांक १२३ आणि १२४ प्रसिद्धच झाले नाहीत. ते शोधण्यात वेळ घालवणारे लोक आजही भेटतात.

अमर चित्र कथेत वेगळाच पेच आहे. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत ‘कृष्ण’ या पुस्तकाचा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना दिलेले होते. पुढे पुनर्मुद्रित आवृत्त्यांना ५०१ पासून नवे क्रमांक मिळाले, त्यामुळे एकाच कथेची जुनी आणि नवी प्रत दोन वेगळ्या क्रमांकांनी घरात असू शकते. यांतली कोणती खरी आणि कोणती खोटी हा प्रश्न येथे नसतो. छापलेला क्रमांक जसाच्या तसा लिहावा आणि शेजारी प्रकाशक, छापील किंमत व भाषा नोंदवावी. किंमत हा पुष्कळदा सर्वात उपयोगी पुरावा ठरतो, कारण जिथे मुद्रणाचे वर्ष स्पष्ट नसते तिथे किमतीवरून प्रत कोणत्या काळातली असावी याचा अंदाज बांधता येतो. भाषेचा रकाना तर मराठी घरात कधीही वगळू नये. एकाच कथेचा मराठी आणि इंग्रजी अंक या दुबार प्रती नव्हेत.

अमेरिकी अंकांच्या बाबतीत मालिका सुरू झाल्याचे वर्ष लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेचा अंक १ हा १९६३ चा असू शकतो, १९९९ चा असू शकतो आणि २०१४ चाही असू शकतो, कारण क्रमांक प्रत्येक वेळी नव्याने सुरू केले गेले. शिवाय १९९९ ची मालिका ५८ अंकांपर्यंत आल्यावर २००३ मध्ये जुना हिशेब धरून पुढचा अंक थेट ५०० क्रमांकाने काढण्यात आला. मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीला येण्याचा महिना नसतो, तो साधारणपणे दोन-तीन महिने पुढचा असतो, हेही लक्षात ठेवावे. मोबाइलच्या अॅपने बारकोड वाचून नोंद करणे सोपे असले तरी मुख्य संकेतांकाशेजारी असलेले छोटे पाच आकडे वाचले गेले आहेत का हे पाहावे: त्यांतले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार आणि पाचवा मुद्रणाची आवृत्ती सांगतो. ते सुटले तर अॅप त्याच मालिकेतला भलताच अंक यादीत घालून मोकळे होते. जुन्या भारतीय अंकांवर बारकोडच नसल्यामुळे तिथे हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

संगणकाने केलेला घोळ

एक्सेलमध्ये यादी करणाऱ्यांकडून हमखास येणारी तक्रार अशी की खंड २५, अंक ७ ही नोंद ‘25-7’ अशी टाइप केली आणि तिची २५ जुलै झाली. आकड्यांमधली रेघ पाहून एक्सेल त्यांना तारीख समजते. अंक १३ पासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे ती नोंद मजकूर म्हणून तशीच राहते. परिणामी एकाच रकान्यात अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर अशी सरमिसळ होते आणि क्रम लावायला गेल्यावर सगळेच विस्कटते. असे झाल्यावर रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारात बदलण्याचा मोह होतो, पण त्याने काम आणखी बिघडते, कारण तारखेच्या जागी पाच आकडी संख्या दिसू लागते. तारीख तशीच ठेवून शेजारच्या दोन रकान्यांत ‘डे’ आणि ‘मंथ’ ही सूत्रे लावली की दिवस म्हणून खंड आणि महिना म्हणून अंक परत मिळतो; इंद्रजालचे खंड विसापासून पुढचे असल्यामुळे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होण्याची भीती नसते. नवी यादी करणाऱ्याने खंड आणि अंक हे पहिल्यापासूनच दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत म्हणजे हा खटाटोप टळतो.

क्रमांक देवनागरी आकड्यांत टाइप केले तर अनेकदा संगणक त्यांना संख्या मानत नाही आणि १, १०, १००, २ असा क्रम लावतो. छापील यादीत देवनागरी आकडे हवेतच असे वाटणाऱ्यांनी क्रम लावण्यासाठी इंग्रजी आकड्यांचा आणखी एक रकाना ठेवावा. नावांच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘इंद्रजाल’ आणि ‘इन्द्रजाल’ यांतला फरक निदान डोळ्यांना दिसतो. पण ‘मँड्रेक’ हे चंद्रबिंदूने लिहिलेले आणि ‘मॅंड्रेक’ हे चंद्र व अनुस्वार वेगवेगळे देऊन लिहिलेले, हे दोन शब्द पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसत असूनही संगणकाच्या लेखी वेगळे असतात, त्यामुळे एकाच्या शोधात दुसरा सापडत नाही. मालिका, नायक आणि भाषा यांची नावे दर वेळी टाइप न करता ठरावीक यादीतून निवडण्याची सोय एक्सेल आणि गूगल शीट्स या दोन्हींमध्ये आहे, ती वापरावी. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची पद्धत, येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी घरात असेल तर तो फॉन्ट असलेला संगणक चालू आहे तोवर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

बांधलेले खंड आणि कात्रणे

अंक एकत्र बांधून ठेवणे ही आपल्याकडची खास बाब असल्यामुळे परदेशी अॅपमध्ये तिच्यासाठी सोयीची जागा सापडत नाही. दहा-बारा अंक एकत्र करून बाइंडरकडून बांधून घेण्याची पद्धत मराठी घरांत सर्रास होती, आणि असा खंड यादीत एकाच ओळीने नोंदवणे ही फार मोठी चूक आहे. खंडातल्या प्रत्येक अंकाची स्वतंत्र ओळ असावी आणि ‘जागा’ या रकान्यात तो कोणत्या बांधीव खंडात आहे ते लिहावे. बांधणीच्या वेळी कडा कापल्या गेल्या आहेत का, मुखपृष्ठे आत ठेवली आहेत की काढून टाकली आहेत आणि अंक क्रमाने लावले आहेत का, हे पान-पान उलटून पाहावे लागते. खंडाच्या पुठ्ठ्यावर बाइंडरने घातलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये. अंक सुटे करण्याच्या इच्छेने शिलाई उसवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की कापलेला समास पुन्हा येत नाही, तेव्हा खंड आहे तसा राहू द्यावा.

वृत्तपत्रातल्या कात्रणांच्या वह्या हाही संग्रहाचाच भाग आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तो कापून वहीत चिकटवणारी घरे पुण्यात पुष्कळ आहेत. या वह्यांमध्ये तारीख बहुधा नसते. कात्रण अद्याप सुटे असेल तर त्याच्या मागच्या बाजूवरील बातमी किंवा जाहिरात तारखेचा माग देते. वहीत चिकटवल्यावर तोही मार्ग बंद होतो आणि जुन्या फायली असलेल्या ग्रंथालयात जाऊन पडताळण्यावाचून उपाय उरत नाही. यापुढे कापताना तारीख आधी समासात पेन्सिलीने लिहावी.

स्थितीविषयी लिहिताना

‘चांगली’, ‘बरी’, ‘ठीक’ असे शेरे मारणे व्यर्थ आहे, कारण वर्षभराने त्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अमेरिकी प्रतवारीची ०.५ ते १० ही मोजपट्टी उचलण्यातही धोका आहे, कारण तिच्यातला ‘गुड’ म्हणजे अवघा २.०, ‘व्हेरी गुड’ म्हणजे ४.० आणि ‘फाइन’ म्हणजे ६.० असतो; विक्रेता जेव्हा ‘गुड कंडिशन’ म्हणतो तेव्हा त्याला हे अभिप्रेत नसते. घरच्या यादीत प्रतवारीऐवजी दोष लिहावेत: पिना गंजल्या आहेत, मलपृष्ठाचा कोपरा नाही, कण्यावर चिकटपट्टी लावली आहे, कसर लागून पान १९ ला भोके पडली आहेत. पाने मोजणे अनिवार्य समजावे. पिनांनी शिवलेल्या अंकात मधला ताव सर्वात आधी निसटतो आणि एका तावाबरोबर चार पाने जातात. गोष्ट मध्येच तुटल्याचे वाचताना कळते, पण अंक नुसता चाळणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. कूपन किंवा कोडे कापून नेलेले असेल तर मागच्या पानावरचा मजकूरही गेलेला असतो, तो वेगळा नोंदवावा. सुट्टीत भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयांचे शिक्के पुण्यातल्या जुन्या अंकांवर हमखास आढळतात. ते खोडू नयेत, दोष म्हणून आणि अंकाचा पूर्वेतिहास म्हणून दोन्ही प्रकारे लिहून ठेवावेत.

स्थितीची पाहणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी, कारण दमटपणाचे परिणाम तेव्हाच उघड होतात. तिच्यासोबत पाहणीची तारीख लिहिली नाही तर गंज नवा आहे की जुना हे ठरवता येत नाही. यादीत प्रत्येक अंकाला आपण दिलेला नोंद क्रमांक अंकावर पेनने लिहू नये, डिंकाची चिठ्ठी लावू नये. अंक ज्या पिशवीत ठेवला आहे तिच्यावर किंवा तिच्या आतल्या आधाराच्या पुठ्ठ्यावर तो लिहावा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि प्रकाशनाचा तपशील असलेले पान अशी तीन छायाचित्रे प्रत्येक अंकाची घेतली आणि त्यांच्या फायलींना तोच नोंद क्रमांक दिला, तर पुढच्या अनेक शंका अंक बाहेर न काढता फिटतात.

जागा, उसने दिलेले अंक आणि यादीची प्रत

‘कपाटात, वरच्या कप्प्यात’ ही नोंद दिवाळीच्या साफसफाईपर्यंतच खरी राहते. खोक्यांना क्रमांक द्यावेत, ते दोन बाजूंवर ठळक लिहावेत आणि यादीत खोक्याचा क्रमांक नोंदवावा. खोके घरात कुठेही हलले तरी, किंवा वाडा पाडून इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात गेले तरी, नोंद खोटी पडत नाही.

भाचा-पुतण्यांना वाचायला दिलेले अंक यादीतून वगळणे ही नेहमीची चूक आहे. ओळ तशीच ठेवून अंक कोणाकडे आणि कोणत्या तारखेला गेला एवढे लिहावे. छापील किमतीखेरीज खरेदीच्या किमतीचा रकाना असेल तर त्यात आपण प्रत्यक्ष दिलेली रक्कम लिहावी. ऑनलाइन कोणी मागितलेली किंमत ही विकली गेलेली किंमत नव्हे, आणि ती यादीत एकदा शिरली की संग्रहाच्या मोलाविषयी घरात भलतेच समज पसरतात.

शेवटी यादीच्या प्रतीविषयी. संग्रह आणि त्याची एकमेव नोंदवही एकाच खोक्यात ठेवणारे लोक कमी नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराचे पाणी काठावरच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरले होते. अशा वेळी अंकांबरोबर वहीही भिजली तर काय गेले याची गणतीच करता येत नाही. यादीची एक प्रत ऑनलाइन ठेवावी, छायाचित्रे फोनव्यतिरिक्त आणखी एका ठिकाणी असावीत, आणि वर्षातून एकदा, पाहणी झाल्यावर, यादी छापून दुसऱ्या पेठेतल्या एखाद्या नातेवाइकाकडे द्यावी. जुनी छापील प्रत मात्र फेकू नये, कारण दोन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवल्या की कोणता अंक कधी नाहीसा झाला ते त्यांतूनच कळते.