डिप्रेशनमधल्या मुलाला परदेशी शिकायचंय? घरच्यांनो, या चुका टाळा

कॉलेज रोडवरच्या कन्सल्टन्सींच्या पाट्या पाहिल्या की वाटतं, अर्धं नाशिक जर्मनी-आयर्लंडला निघालंय. त्यात डिप्रेशनवर उपचार घेणारी मुलंमुलीही असतात. त्यांनी जाऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण घरच्यांच्या हातून काळजीपोटीच काही गोष्टी अशा होतात की मूल आणखी मिटतं.

"तिकडे गेला की होईल बरा." सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. हवापालटाने शीण जातो, डिप्रेशन जात नाही. उलट स्वयंपाक, भाडं, पार्ट-टाइम काम आणि एकटेपणा सगळं एकदम अंगावर येतं. जर्मनीत डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येतं आणि काहींची तब्येत त्याच दिवसांत खालावते. म्हणून तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला. घरीही बघा: झोप, जेवण, आंघोळ, लेक्चरं हे कुणी मागे न लागता होतंय का? होत नसेल तर पुढचा इनटेक, म्हणजे प्रवेशाची पुढची फेरी, धरा. बरीच विद्यापीठं मिळालेला प्रवेश पुढे ढकलू देतात, फक्त ईमेल मुदतीआधी जायला हवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर २ वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षाही वाया जात नाही.

आळशी ठरवणं. सिडकोतल्या एका मुलाच्या एसओपीच्या (हाच विषय का शिकायचाय, हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाच्या) फाइलमध्ये कित्येक दिवस फक्त त्याचं नाव आणि कॉलेजचं नाव होतं. वडील रोज विचारायचे, "एक पान लिहायला एवढा वेळ?" या आजारात लक्ष लागत नाही, साधा निर्णयही घेता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी बहीण लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. "तुला हाच विषय का शिकायचाय, मला सांग," म्हणाली आणि तो बोलेल ते टाइप करत गेली. अर्ध्या तासात पहिला परिच्छेद झाला. शब्द त्याचेच होते. मदत अशी हवी. त्याच्या वतीने अख्खा अर्ज भरून टाकलात तर निर्णय त्याचा राहत नाही.

"बाग गहाण टाकलीय, लक्षात ठेव." निफाड-दिंडोरीकडच्या घरांत हे वाक्य सहज निघतं. कर्जाची काळजी खरी आहे, पण हे ऐकून गेलेलं मूल तिकडे कोसळलं तरी फोनवर "सगळं मस्त" म्हणतं. निघण्याआधी स्पष्ट सांगा: नाही जमलं तर परत ये, पैशांचं आपण बघू.

गोळ्या बंद करणं. "आता बरा दिसतोय" किंवा "व्हिसा अडेल" म्हणून औषध थांबवू नका. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो. बरं वाटायला लागल्यावरही साधारण ६ महिने तरी औषध चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी लागते, डिप्रेशनची नाही. ज्या देशाच्या फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल विचारलंय, तिथे खरं तेच लिहा. जाताना औषधाचं जेनेरिक (कंपनीचं नव्हे, मूळ औषधाचं) नाव लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. जपान आणि संयुक्त अरब अमिरातीत काही औषधांना आधी परवानगी लागते, तेही तपासा.

मरणाचा विषय टाळणं. "जगावंसं वाटत नाही" असं मूल म्हणालं, तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट मन मोकळं होतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

परदेशात गेल्यावर तिथले नंबर लागतात: अमेरिकेत ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय, जर्मनीत तातडीला ११२. हे नंबर, विद्यापीठाच्या समुपदेशकाचा ईमेल आणि रूममेटचा फोन विमानात बसण्याआधी त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या.