घोडेस्वारीच्या दिवसभराच्या शिबिरात मुलांना पाठवण्यापूर्वी

घोडेस्वारीच्या शिबिराची चौकशी करताना बहुतेक पालक पहिल्यांदा हेच विचारतात, की दिवसातून किती तास घोड्यावर बसायला मिळेल. हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी शिबिराचा दर्जा त्याच्या उत्तरावरून कळत नाही. मूल जमिनीवर असताना, म्हणजे तबेल्यात वावरताना, घोड्याला खरारा (ब्रशने अंग घासून साफ) करताना, त्याला मैदानाकडे नेताना आणि परत आणून बांधताना त्याच्याजवळ कोण असते आणि त्याला काय शिकवले जाते, यावरून तो कळतो.

नवशिक्या मुलाच्या मांड्या, पोट आणि पाठ यांना स्वारीची सवय नसते. पाऊण तास झाला की पाय सैल पडू लागतात, तोल घोड्याच्या चालीशी जुळेनासा होतो आणि मूल तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळू लागते, ज्याचा त्रास थेट घोड्याच्या तोंडाला होतो. म्हणून सहा तासांच्या दिवसात दीड तास, फार तर दोन तास स्वारी आणि तीही दोन भागांत विभागलेली, हे प्रमाण मला योग्य वाटते. चार-चार तास स्वारीचे आश्वासन मिळत असेल, तर त्यात मुलांचाही विचार नाही आणि घोड्यांचाही नाही, असे समजावे.

उरलेला वेळ कसा जातो, याची चौकशी बारकाईने करावी. घोड्याचे वजन सहज चारशे-पाचशे किलो असते आणि तो मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, मात्र थेट पाठीमागचे आणि कपाळाच्या अगदी समोरचे दिसत नाही. त्यामुळे न बोलता मागून आलेले मूल त्याला अचानक जाणवते आणि तो दचकून लाथ झाडतो. घोड्यांमुळे होणाऱ्या बऱ्याच दुखापती स्वारीच्या वेळी न होता अशा जमिनीवरच्या क्षणी होतात. लाथ बसते, पायावर खूर पडतो किंवा चावा घेतला जातो. चांगल्या शिबिरात म्हणूनच पहिल्या दिवशी खोगिराच्याही आधी घोड्याजवळ कसे जायचे ते शिकवतात: आधी आवाज द्यायचा, खांद्याच्या बाजूने जायचे, मान थोपटायची, कान मागे पडले असतील तर थांबायचे, मागून जाणे भागच असेल तर बरेच अंतर राखायचे आणि म्होरकीची (घोड्याच्या तोंडाभोवती बांधलेल्या पट्ट्याची) दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. घोडा उधळला, तर गुंडाळलेल्या दोरीने मुलाचा हात जायबंदी होऊ शकतो किंवा मूल फरफटत जाऊ शकते. हे धडे मुलांना कंटाळवाणे वाटतील, अशी काळजी करू नये. खरारा करता करता ज्या मुलाला घोड्याच्या अंगावरची ऊब आणि त्याचा श्वास कळतो, ते खोगिरावर चढताना कमी बिचकते.

पैसे भरण्यापूर्वी, शक्यतो दुसरी तुकडी चालू असताना, जागा प्रत्यक्ष पाहून यावी. तेथे कार्यालयाआधी घोड्यांकडे पाहावे. बरगड्या वर आलेल्या आहेत का, पाठीवर आणि तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्या जागी घासल्याच्या जखमा आहेत का, खूर फाटलेले किंवा वेडेवाकडे वाढलेले आहेत का, स्वच्छ पाणी आणि सावली आहे का, हे कोणालाही दिसू शकते. माणूस जवळ येताच कान पाडून दात दाखवणारा घोडा बहुधा दुखण्याने किंवा अतिश्रमाने त्रासलेला असतो, आणि अशा घोड्यावर मूल बसवू नये. एक घोडा दिवसातून किती तास काम करतो आणि त्याला आठवड्यातून सुट्टी कधी मिळते, हेही विचारावे. प्रश्न ऐकून मालक चिडत असेल, तर त्या चिडण्यातच उत्तर मिळाले.

नवशिक्या मुलांच्या बाबतीत प्रत्येक घोड्यासाठी एक मोठा माणूस दोरी धरून चालणारा असावा. मूल स्वतंत्रपणे चालवू लागल्यावरही, एका प्रशिक्षकाकडे पाच-सहापेक्षा जास्त स्वार नसावेत, असे माझे मत आहे. प्रशिक्षकाने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असावे. अपघात झाल्यास मुलाला कोण, कोणत्या वाहनातून, कोणत्या रुग्णालयात नेईल, हे त्याला विचार न करता सांगता आले पाहिजे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विमा आणि जबाबदारीची कलमे वाचून घ्यावीत. दिवसाच्या शेवटी मूल कोणाच्या ताब्यात दिले जाते आणि कपडे बदलण्याच्या जागी मोठ्यांचा वावर कसा असतो, हे विचारायलाही संकोच करू नये.

साहित्यात सर्वांत महत्त्वाचे हेल्मेट. सायकलचे हेल्मेट चालत नाही, कारण घोड्यावरून पडताना डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागालाही मार बसू शकतो आणि घोडेस्वारीचे हेल्मेट तेथे खालपर्यंत येते. हेल्मेटच्या आत लावलेल्या चिठ्ठीवर एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा ईएन १३८४ यांसारख्या मानकाचा उल्लेख शोधावा. ते भुवयांच्या बोटभर वर, आडवे बसले पाहिजे. पट्टा लावण्यापूर्वी मुलाला मान हलवायला सांगावी: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली, तर माप बरोबर आहे, हेल्मेट एकटेच सरकले, तर सैल आहे. शिबिरातले हेल्मेट वापरायचे असेल, तर ते किती जुने आहे ते विचारावे. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी बाद करायचे असते, आणि आघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी बदलावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात.

बुटांना सुमारे दोन सेंटीमीटरची टाच आणि फारसे खाचखळगे नसलेला तळवा हवा. टाच नसलेल्या खेळाच्या बुटातला पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार घसरू शकतो आणि मूल पडले, तर पाय अडकून ते घोड्याबरोबर ओढले जाते. लहान मुलांच्या रिकिबी म्हणूनच दाब पडताच सुटणाऱ्या किंवा पुढून बंद असलेल्या असाव्यात. पॅंट लांब आणि मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली असावी. गळ्यातले, लोंबते कानातले, ओढणी आणि मफलर घरीच ठेवावेत.

तुकडी चालू असताना एक गोष्ट जवळून पाहता येते. खोगीर घालून तंग आवळला, की काही मिनिटांत तो सैल होतो, कारण काही घोडे त्या वेळी पोट ताणून धरतात आणि मग सोडतात. सावध प्रशिक्षक मूल चढण्यापूर्वी तंग पुन्हा तपासतो आणि घोडा थोडा चालवून झाल्यावर परत एकदा तपासतो. हे न करणाऱ्या ठिकाणी खोगीर एका बाजूला घसरून मूल पडू शकते, आणि ज्या कामाला अर्धा मिनिट लागतो तेच जर टाळले जात असेल, तर न दिसणारी कामे तरी नीट होत असतील, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

वयाबद्दल ठाम आकडा सांगता येत नाही. साधारणपणे सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला सूचना ऐकून लगेच पाळता येतात आणि हेल्मेटसह मान ताठ धरता येते. त्याहून लहान मुलांना दोरी धरून थोडा वेळ फिरवणे पुरेसे आहे. दिवसभराचे शिबिर त्यांच्यासाठी नाही. अर्जात अनुभव लिहिताना मात्र अतिशयोक्ती अजिबात करू नये. सहलीत दोनदा घोड्यावर फेरी मारलेल्या मुलाच्या नावासमोर ‘स्वारी येते’ असे लिहिले गेले, तर त्याला त्याच्या आवाक्याबाहेरचा घोडा दिला जाईल. एका आठवड्यात चालणे, थांबणे, वळणे आणि लांब दोरीवर फिरणाऱ्या घोड्याच्या दुडक्या चालीत थोडे उठबस करणे एवढे जमले, तरी उत्तम झाले. भरधाव पळवणे आणि उड्या नवशिक्यांच्या आठवड्यात येऊच नयेत.

धनुर्वाताची लस वेळच्या वेळी दिलेली आहे ना, हे शिबिराआधी डॉक्टरांकडून पडताळून घ्यावे, कारण त्या रोगाचे जिवाणू माती आणि घोड्याची लीद यांत आढळतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाला सुक्या गवताची धूळ आणि घोड्याच्या केसांतील कोंडा यांचा त्रास होऊ शकतो. इन्हेलर दप्तरात न ठेवता प्रशिक्षकाच्या हाती द्यावा आणि तो कधी वापरायचा, हे लिहून द्यावे. खाण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सोय तबेल्याजवळ असावी.

मूल पडले आणि डोक्याला मार बसला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा घोड्यावर बसवायचे नाही, मग ते कितीही हट्ट करो. ‘पडल्यावर लगेच परत चढले की भीती जाते’ हे पुष्कळदा ऐकू येणारे वाक्य अशा वेळी घातक ठरते. डोकेदुखी वाढणे, उलटी, गोंधळलेले बोलणे किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप ही लक्षणे दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. शिबिराने प्रत्येक पडण्याची नोंद ठेवून ती त्याच दिवशी पालकांना कळवावी, हे आधीच ठरवून घ्यावे.

संध्याकाळी घरी आल्यावर ‘मजा आली का’ एवढेच विचारून थांबू नये. आज घोडा कोणता होता, खोगीर कोणी घातले, कोणी ओरडले का, घोडा दचकला तेव्हा तू काय केलेस, असे विचारले की मूल खरे सांगू लागते. सलग दोन दिवस ते शिबिराला जायला टाळाटाळ करत असेल, तर कारण भीती आहे, थकवा आहे की कोणाची वागणूक, हे प्रशिक्षकाशी बोलून शोधावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर भरलेल्या पैशांचा विचार न करता मुलाला तेथून काढावे.