घरच्या शेडमध्ये बगी कशी बांधावी: जुन्या मारुती ८०० पासून माळरानावरच्या गाडीपर्यंत

बगी, म्हणजे पाईपच्या पिंजऱ्याची माळरानावरची मोकळी गाडी, बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी इंजिन आणतो. ते ताडपत्रीखाली ठेवतो, आल्यागेल्याला दाखवतो आणि मग त्याच्याभोवती पाईप जोडायला घेतो. पहिल्या गाडीच्या वेळी मीही तेच केलं. फ्रेम उभी राहिल्यावर हेल्मेट घालून आत बसलो, तर वरचा पाईप थेट हेल्मेटला टेकला. तीन महिन्यांचं काम ग्राइंडरने कापून टाकावं लागलं. तेव्हापासून कोणीही विचारलं की पहिलं हेच सांगतो: गाडी आत बसणाऱ्या माणसाभोवती बांधा. इंजिन कुठेही मावतं.

आधी कागद आणि जागा

घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळत नाही, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही. त्यामुळे ही गाडी स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या खाजगी जमिनीवरच चालवायची. शेतापर्यंत ती ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा छोट्या टेम्पोत घालून न्यायची. समुद्रकिनाऱ्यावर नेण्याचा मोह टाळा. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, वरून चाक गेलं की घरटं संपलं.

कोणती गाडी फोडायची

१९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या सामानावर फायबरची ‘मेयर्स मँक्स’ उभी केली, आणि वाळूतल्या बगीचं रूप तिथून ठरलं: हलकं अंग, इंजिन मागे. वजन मागच्या चाकांवर पडतं म्हणून चाकं माती धरतात. आपल्याकडे बीटल कुठली मिळणार? पण १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनलेली मारुती ८०० आहे. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एकाच आडव्या गठ्ठ्यात येतं. तो गठ्ठा पुढून काढून सीटच्या मागे बसवायचा, एवढीच मूळ कल्पना.

कार्ब्युरेटरचं जुनं मॉडेल शोधा. त्यात पेट्रोल पंप इंजिनावरच चालतो आणि वायरिंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं असतं. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारून देणारं नंतरचं इंजिन चांगलं, पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि टाकीतला इलेक्ट्रिक पंप हे सगळं आणावं लागतं. भंगारातून उचलताना त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि बिल घ्या. इंजिन नंबर कागदाशी स्वतः जुळवून बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या मेस्त्रींनी मला पहिली गोष्ट हीच विचारली होती, आणि ती बरोबर होती.

एका गाडीचं सामान पुरत नाही. चारही चाकांना ८०० चे पुढचेच नकल (चाकाचा हब आणि बेअरिंग धरणारे भाग) लागतात, म्हणून दुसऱ्या गाडीचा पुढचा जोडही घ्या.

माणूस बसवा

शेडच्या फरशीवर खडूने मध्यरेषा ओढा. दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण दोन मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.३ ते १.४ मीटर अंतर धरा. रेषेवर सीट ठेवा आणि घरातला सगळ्यांत उंच माणूस हेल्मेट घालून तिच्यात बसवा. मग नळकामाचे पीव्हीसी पाईप आणि एल्बो घेऊन त्याच्याभोवती पिंजरा रचा. हा खर्च किरकोळ आहे आणि याच्याइतका कामाला येणारा दुसरा खर्च नाही.

मापं मी बाहा एसएई या महाविद्यालयीन स्पर्धेच्या नियमांवरून घेतो. इंदूरजवळ पिथमपूरला आपली इंजिनिअरिंगची मुलं त्यासाठी दरवर्षी गाड्या नेतात. हेल्मेटपासून पिंजऱ्याचा पाईप सगळीकडून किमान १५ सेंटीमीटर लांब हवा, खांदे, कोपर, गुडघे किमान साडेसात सेंटीमीटर. माणसाला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावा. कोपर कुठे लागतं ते तेव्हाच कळतं.

पाईप

त्याच नियमांत मुख्य पाईप २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीचा धरलेला आहे, किमान ०.१८ टक्के कार्बनच्या पोलादाचा. पण त्या गाड्यांचं इंजिन लहान असतं. आपली गाडी जास्त जड आणि जास्त वेगवान, म्हणून मुख्य पिंजऱ्याला सव्वा इंची सीमलेस (लांबीत जोड नसलेला) पाईप आणि ३ मिलिमीटर जाडी यापेक्षा खाली येऊ नका. फर्निचरचा पातळ पाईप दिसायला तसाच असतो, पण उलटल्यावर दुमडतो. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाईप तर आणूच नका: वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो.

सीटमागची मुख्य कमान एकाच अखंड पाईपची, वाकवून केलेली हवी, मध्ये सांधा नको. प्लंबरच्या साध्या हायड्रॉलिक बेंडरवर पाईप बाकाला चपटा होतो. ग्रिलचं आणि बसच्या सीटचं काम करणाऱ्यांकडे फिरत्या डायचं मशीन असतं, तिथून वाकवून आणा आणि बाकाची आतली बाजू बोटाने चाचपा. सुरकुती लागली तर तो तुकडा परत करा.

शेताच्या फाटकाला तिरकी पट्टी का मारतात? नुसता चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. फ्रेमवर हात फिरवत जिथे मोकळा चौकोन दिसेल तिथे कर्ण टाका. सीटमागच्या कमानीतला कर्ण आणि कमानीपासून मागे उतरणारे दोन टेकू कधीही गाळू नका.

सांधा आणि वेल्डिंग

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाईपला पाईप भिडतो तिथे टोकाला गोल खाच पाडावी लागते, माशाने आ वासल्यासारखी. ड्रिलला होल-सॉ लावून ती सुबक पडते. सांधा हाताने धरून उजेडासमोर बघा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पुन्हा घासा. फट वेल्डिंगने भरून काढायची सवय लावून घेऊ नका, तो भराव ताकद देत नाही.

सगळी फ्रेम आधी फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे लहान ठिपके, मारून उभी करा. प्रत्येक सांध्याला तीन-चार टाके. मग गुण्या लावा, ओळंबा सोडा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजा. फरक तीन मिलिमीटरच्या आत आला की पक्कं वेल्डिंग. तेही एका बाजूने ओढत नेऊ नका: एक सांधा डावीकडे, पुढचा उजवीकडे, एक वर, एक खाली. नाहीतर उष्णतेने फ्रेम केळ्यासारखी वळते. सीओटू वेल्डिंगला ०.८ मिलिमीटरची तार वापरा. साधं आर्क असेल तर अडीच मिलिमीटरची ६०१३ रॉड आणि ७० ते ९० अँपिअर. आधी त्याच पाईपच्या दोन तुकड्यांचा सांधा करून हातोड्याने तोडून बघा. पाईप फाटला तर हात बसलाय, सांधा सुटला तर अजून सराव हवा. आणि हात बसलेला नसेल तर पिंजरा जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. टाके तुम्ही मारा, पक्कं काम त्यांना करू द्या.

आमच्या गल्लीतल्या वेल्डर मामांनी शिकवलेली तपासणी मी अजून करतो. सांधा वायर ब्रशने लख्ख करायचा, रॉकेलचा बोळा फिरवायचा, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढायचा आणि वरून खडूची पूड चोळायची. कुठे केसाएवढी चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत उतरतं आणि पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटते. माझ्या दुसऱ्या गाडीत खालचा आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा दांडा) जिथे फ्रेमला बसतो, त्या पट्टीजवळ अशी रेघ दिसली. सांध्यात नव्हती, सांध्याला लागून पाईपवर होती. पट्टी लहान होती, सगळा धक्का एका बिंदूवर येत होता. रुंद, गोल कोपऱ्याची पट्टी लावल्यावर पुन्हा चीर आली नाही.

इंजिन मागे

गठ्ठा उचलायला चेन पुली ब्लॉक लावा, माणसांच्या कमरेवर काम नको. तो जसाच्या तसा मागे सरकवायचा, तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरवून बसवला की डिफरन्शियल उलटं फिरतं: सगळे पुढचे गिअर गाडी मागे नेतात आणि रिव्हर्स पुढे. मूळ रबर माउंट तसेच वापरा.

मागच्या नकलला स्टिअरिंगचा हात असतो, पण आता त्याने वळायचं नाही. त्याला फ्रेमशी एका रॉडने बांधा. रॉड खालच्या आर्मला समांतर आणि तेवढ्याच लांबीचा हवा, नाहीतर खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपोआप वळेल. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ८०० च्या खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो. तो काढला की आर्म लुळा पडतो. म्हणून दोन ठिकाणी फ्रेमला धरणारा, ‘ए’ अक्षरासारखा आर्म बनवावा लागतो.

स्प्रिंग काढून ठेवा आणि चाक जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली करा. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जोड कुठे दाबून बसत नाही, कुठे निसटत नाही, हे हाताने शाफ्ट फिरवत बघा.

पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट लागत नाही, पण हब आणि बेअरिंग त्याच शाफ्टच्या नटाने आवळून धरलेले असतात. शाफ्ट काढून नकल नुसताच बसवला तर चाक काही वेळाने हबसकट डुगडुगायला लागतं. बाहेरच्या जोडाची दांड्याची बाजू हबमध्ये ठेवा, नट आवळा, पिन घाला. पुढे गाडी हलकी असल्याने मूळ स्प्रिंग कडक पडतात. स्प्रिंगची एखादी कडी कापून ती मऊ होत नाही, उलट आणखी कडक होते. स्प्रिंगवाल्याकडून बारीक तारेची नवीन करून घ्या.

गिअर लिव्हरचा दांडा गिअरबॉक्समधून मागे निघतो आणि आता माणूस पुढे बसलाय. दांडे वळवत बसण्यापेक्षा केबलवर चालणारा गिअर लिव्हर दुसऱ्या एखाद्या गाडीचा आणा. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब करून घ्या. ॲक्सिलरेटरला परतीच्या दोन स्प्रिंग लावा, एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल बंद करेल.

ब्रेक, पेट्रोल, पट्टा

ब्रेकची मास्टर सिलिंडर दोन स्वतंत्र सर्किटची असू द्या. पाईप धातूचे, फ्रेमच्या आतल्या बाजूने. माळावर २० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर चारही चाकं अडकली पाहिजेत. मागची चाकं आधी अडकत असतील तर गाडी फिरकी घेते, तेव्हा मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. मागे डिस्क आल्याने हँडब्रेक उरत नाही, म्हणून चाकाखाली लावायची लाकडी पाचर कायम गाडीत ठेवा.

माणूस आणि इंजिन यांच्यामध्ये पूर्ण रुंदीचा पत्रा हवा. टाकी पत्र्याच्या पलीकडे, पाच-सहा लिटरची नवीन घ्या. जुन्या टाकीला कधीही वेल्डिंग करू नका, रिकामी वाटली तरी तिच्यात वाफ असते. इंजिन बंद करायची दोन बटणं लावा: एक पट्टा लावलेला असताना हाताला येणारं, दुसरं बाहेर उभ्या माणसाला दिसणारं. रेडिएटर सीटमागे उंचावर, पंख्यासकट. पाणी भरताना सगळ्यांत उंच जागची होज सैल करून हवा काढा.

चार बिंदूंचा पट्टा फ्रेमला बांधा, सीटला नाही. पंजेही पट्ट्यांच्या जाळीने आतच राहतील असं बघा. गाडी कलली की माणूस हात बाहेर काढून जमीन टेकायला जातो, आणि हात तिथेच मोडतो.

पहिला दिवस

चाकं हवेत असतानाच इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडेच वळतात ना, हेही. स्टिअरिंगची रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) आसाच्या दुसऱ्या बाजूला बसवली तर उलटं होतं. मग ऊस तुटून गेलेल्या सपाट रानात पहिल्या गिअरमध्ये, एकट्याने, हेल्मेट घालून अर्धा तास. बाहेर एक माणूस अग्निशामक नळकांडं घेऊन उभा.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे बोल्ट ८.८ ग्रेडचे आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटचे वापरा. आवळून झाल्यावर नटावरून पट्टीवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. अर्ध्या तासाने गाडी उभी करा, खाली वाका आणि प्रत्येक रेघ बघा. जी तुटलेली दिसेल तो नट फिरलाय, तो बदला. खडू-रॉकेलची तपासणीही त्याच संध्याकाळी, चारही आर्मच्या पट्ट्यांवर. हे सगळं नीट निघालं की दुसऱ्या गिअरमध्ये जा.